भंडारा, गुलाल आणि गर्दी: कॅमेऱ्यासाठी खांद्याची बॅग कोणती घ्यावी?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी,

कॅमेऱ्यासाठी एका खांद्यावर अडकवायची बॅग घ्यायची आहे. सॅक नको. "सॅकच घ्या, वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं" हा सल्ला घरातून, दुकानातून आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडून मिळून झालाय. सल्ला बरोबरच आहे, माझ्या कामाचा नाही एवढंच.

मी कराडची. नोकरी बँकेत, नाद जत्रांचा. पौषात पालच्या खंडोबाचं लग्न, चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या, पावसाळा सरता सरता पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव, आणि रजा मिळाली तर आषाढीच्या वाटेवर लोणंद ते फलटण. म्हणजे या बॅगेनं वर्षभरात पिवळा भंडारा, गुलाबी गुलाल, लोकर, खोबऱ्याचे तुकडे, पाऊस आणि घाम एवढं सगळं सोसायचंय. दुकानदाराला हे सांगितलं की तो म्हणतो, "वॉटरप्रूफ आहे मॅडम." भंडाराप्रूफ आहे असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

सामान असं: निकॉन डी७५०० कॅमेरा, त्यावर बहुतेक वेळ १६-८० मिमीची लेन्स, शिवाय लांबचं टिपणारी ७०-३०० (एएफ-पी मालिकेतली, प्लॅस्टिकची हलकी) आणि छोटी ३५ मिमी एफ/१.८. बॅटरी-कार्ड धरून बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ७२० ग्रॅम, लेन्स अनुक्रमे ४८०, ४१५ आणि २००. बेरीज १,८१५ ग्रॅम. बँकेत असल्यामुळे बेरीज करून ठेवायची सवय आहे. वर जादा बॅटरी, कार्डांची डबी, पुसायचं कापड, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, लॅपटॉप तर मुळीच नाही. (लॅपटॉपचा कप्पा नसलेली बॅग दुकानात मागून बघा. विक्रेता तुमच्याकडे दयेनं बघतो.)

आता सॅक का नको ते. पालला तारळीच्या काठानं मिरवणूक सरकते तेव्हा माणूस चालत नाही, वाहतो. पाठीवरच्या सॅकवर मागचा गडी चक्क रेलून चालतो. चेन उघडली तरी आपल्याला कळत नाही. पुढे घेतली तर स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि जोतिबाच्या पायऱ्यांवर पाय दिसलेले बरे. लेन्स बदलायची म्हणजे सॅक उतरवायची, आणि उतरवून ठेवायची कुठं? चिखलात, नाहीतर कुणाच्या तरी पायावर. तोवर घोडा रिंगणातून निघून जातो.

मला हवंय ते इतकंच: उभ्या उभ्या, एका हातानं, न बघता लेन्स काढता-ठेवता यावी. कापड कॅनव्हास घ्यावं की नायलॉन? झाकणाला व्हेल्क्रो, बक्कल की लोहचुंबक? चुंबकानं मेमरी कार्डं पुसली जातात असं एकानं सांगितलं, खरं आहे का? फोम किती जाड हवा? आणि बायकांसाठी विशेष प्रश्न: पट्टा आडवा घातला की तो गळ्याशी येतो, ओढणी त्यात अडकते, दिवस संपेपर्यंत मानेवर वळ उठतो. हा पुरुषांनी पुरुषांसाठी केलेला पट्टा कुणी सुधारलाय का?

बजेट पाच-सहा हजार. फार तर सात, पण मग घरी किंमत सांगणार नाही.

---

घाटमाथा:

सॅक सुचवायची नाही म्हणालात, म्हणून जीभ चावून गप्प बसलोय.

तरी एक विचारतो. तिन्ही लेन्स खरंच लागतात का? जत्रेत १६-८० लावून निघा, ३५ खिशात टाका, ७०-३०० घरी ठेवा. मग बॅग हा प्रश्नच उरत नाही, कमरेचा पाउचही पुरेल. सह्याद्रीत फिरताना मी तेच करतो. जेवढी मोठी बॅग तेवढं सामान आपोआप वाढतं, हा अनुभव सगळ्यांचाच असेल.

---

कृष्णाकाठची:

जीभ चावल्याबद्दल आभार. ३५ घरी राहू शकते, ७०-३०० नाही. सासनकाठी पेलणारा माणूस गर्दीच्या मधोमध असतो आणि त्याच्या जवळ जायला वाट नसते. त्याच्या मानेच्या शिरा मला लांबूनच टिपायच्या असतात. डोंगर जागचा हलत नाही हो, तुमचं बरं आहे.

---

रत्नांग्रीवाला:

बॅग कोणती ते जाणकार सांगतील. मी कोकणातून फक्त एवढं सांगतो: जी घ्याल ती वाहून न्यायला घ्या, कॅमेरा ठेवायला नको. घरी आलं की सगळं बाहेर. फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात. बंद, अंधाऱ्या, दमट बॅगेत लेन्सला बुरशी धरते आणि ती आतल्या काचेवर गेली की पुसून निघत नाही. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. पाच-सातशे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो डब्यात टाकायचा म्हणजे अंदाजपंचे नको. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून परत वापरता येतात.

पावसातल्या वारीनंतर तर बॅग उलटी करून पंख्याखाली टांगा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर माणसालाच बुरशी येते, लेन्सचं काय घेऊन बसलात.

---

जुना_छापा:

मी सोलापूरकडच्या एका दैनिकात फोटोग्राफर होतो, रोल धुण्याच्या काळापासून. आता निवृत्त. ताईंचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण "किती मावतं" असं न विचारता "कसं निघतं" असं विचारणारं माणूस विरळा.

आमच्या वेळी खांद्याला शबनम. वार्ताहराच्या शबनममध्ये वही आणि चंची, आमच्या शबनममध्ये बॉडी, दोन लेन्स, रोल आणि चंची. आत ना फोम ना खण, लेन्स मफलरमध्ये गुंडाळलेली. लोक हसतील, पण जगभर फोटोग्राफर मंडळी याच वळणावर आली. अमेरिकेत 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या दैनिकातल्या जिम डोम्के नावाच्या फोटोग्राफरनं १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची मऊ बॅग बनवली, कारण त्या वेळच्या कडक पेटीसारख्या बॅगा त्याला नकोशा झाल्या होत्या. मऊ, अंगाला बिलगणारी, वरून उघडी. ती पुढे वृत्तपत्रवाल्यांची ठरलेली बॅगच झाली. इंग्लंडच्या बिलिंगहॅम कंपनीची गोष्ट तर आणखी मजेची: ते मासे पकडणाऱ्यांसाठी बॅगा शिवायचे, आणि न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्याच बॅगा कॅमेऱ्यासाठी घेतात हे त्यांना मागाहून कळलं. दोन्ही आजही मिळतात, पण तुमच्या बजेटात नव्या बसत नाहीत. बिलिंगहॅमची किंमत ऐकून घरी काय सांगाल, तो वेगळा धागा होईल.

तर मऊ बॅग घ्या. कडक बॅग गर्दीत दुसऱ्याच्या बरगडीत जाते आणि आपल्या मांडीवर आपटते. मऊ बॅग दाबली की दबते, आपण वळलो की वळते. फोम जाड हवा हा समज विमानप्रवास करणाऱ्यांचा. आपली बॅग पडत नाही, ती आपल्या अंगावर असते.

दुसरं, जे दुकानात कुणी सांगणार नाही: एक खण रिकामा ठेवा. कॅमेऱ्यावरची लेन्स काढली की ती कुठं जाते? भरलेल्या बॅगेत जागा नसते, म्हणून माणूस ती काखेत धरतो, दातात टोपण धरतो, आणि मग पडापडी होते. रिकामा खण असला की उतरवलेली लेन्स त्यात, शेजारची उचलायची, लावायची. मागचं टोपण नंतर, एका श्वासाची उसंत मिळाली की. खणांची जागा कधी बदलू नका. माझ्या बॅगेत टेली, म्हणजे लांबचं टिपणारी लेन्स, कायम पुढच्या हाताला, आणि हे हाताला इतकं पाठ की अंधारातही चुकत नसे.

भंडारा उधळत असताना मात्र लेन्स बदलायचीच नाही. पालखी येण्याआधी काय लागणार ते ठरवा, लावा आणि मग तेवढ्यातच निभावा. जेजुरीला सोमवतीला आम्ही लेन्सला पारदर्शक फिल्टर लावून जायचो आणि बॅगेचं झाकण डाव्या कोपरानं दाबून धरायचो. बदलायचंच झालं तर देवळाची ओवरी, एखादं दुकान, आडोसा बघा. आणि तोंड खाली करून बदला. कॅमेऱ्याचं हो, तुमचं नाही.

झाकण बाहेरून अंगाकडं उघडणारं नको. अंगाकडच्या काठानं उचललं की बाहेर पडेल असं हवं, म्हणजे बॅगेचं तोंड आपल्या नजरेसमोर येतं आणि शेजारच्याचा हात आत जायला आधी झाकणाशी झगडावं लागतं. बॅगेवर कंपनीचं मोठं नाव असेल तर त्यावर काळी पट्टी शिवून टाका. चोराला वाचता येतं.

---

टाकादोरा:

ताई, नमस्कार. माझं साताऱ्यात बॅगा शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. कॅमेऱ्यातलं मला कळत नाही, मोबाइलवर नातीचे फोटो काढतो तेवढंच. पण लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांच्या बॅगा माझ्याकडं येतात आणि बॅग कुठं दगा देते ते मला माहीत आहे. फोम फाटला म्हणून बॅग घेऊन आलेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि विकत घेताना मात्र सगळे फोमच दाबून बघतात.

पहिला जातो तो पट्ट्याचा सांधा. दुकानात बॅग हातात घेतली की आधी पट्टा जिथं बॅगेला जोडलाय ते बघा. चांगल्या बॅगेत नवार (पट्ट्याची जाड विणलेली फीत) कडीतून येऊन कडेनं खाली उतरते आणि तळाखालून दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे बॅग पट्ट्यात झोपाळ्यासारखी बसते. हलक्या बॅगेत नवारीचा बोटभर तुकडा वरच्या शिवणीत कोंबलेला असतो, बस. सगळं वजन त्या एका शिवणीवर. निदान चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई तरी हवी. आतून अस्तराला हात लावून बघा, टाके लागतात का. अस्तर इतकं घट्ट बसवलेलं असेल की शिवण दिसूच नये, तर काहीतरी लपवलंय समजा.

मग कडी आणि हुक. डी-कडीचा सांधा वेल्डिंग केलेला हवा. नुसती वाकवून तोंडाला तोंड लावलेली कडी वजनानं उघडते आणि नवार हळूच बाहेर येते. फिरता हुक दिसायला छान, पण ओतीव हुक मानेत तुटतो, जिथं फिरतो तिथं. रोज खांद्यावर घ्यायची असेल तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, हुक काढून टाका, पट्टा कायमचा शिवून घ्या. दोन तुटणाऱ्या जागा कमी झाल्या. पट्टा काढायचा असतो कधी? धुताना. तेव्हा काय, सगळीच बॅग धुवा.

चेन. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडा असतो: ५, ८, १०. तो साधारणपणे मिटलेल्या दातांची रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या खिशाला ५ चालेल, मुख्य तोंडाला ८ च्या खाली जाऊ नका. दात दोन तऱ्हेचे: गुंडाळीचे आणि सुट्या दाण्यांचे. दाणेवाली चेन पावडर झटकून टाकते, पण एक दाणा तुटला की पूर्ण चेन बदला. गुंडाळीवालीत पावडर बसते, पण मधे फाकली तर रनर मागे नेऊन पुन्हा आणा, जुळते. मी गुंडाळीवालीच लावतो. वायकेके कंपनीची मिळाली तर उत्तम. चेन बिघडली म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो, दात ठीक असतात. रनर बदलायला खर्च किरकोळ. त्यासाठी बॅग टाकू नका आणि कुणाला टाकू देऊ नका.

भंडारा चेनीत गेला तर कोरड्या टूथब्रशनं झाडायचा, मग मेणबत्ती घासायची. तेल कधी घालू नका. तेलानं धूळ धरते, हळद तर विचारूच नका.

पण ताई, तुम्ही जे सांगता त्याला मुळात मुख्य तोंडाला चेनच नको. झाकण हवं, आणि झाकणाला दोन्ही बाजूंना कान हवेत. भंडारा वरून पडतो, पावसासारखा, आणि कडेच्या फटीतून आत जातो. जुन्या पोस्टमनच्या पिशवीचं झाकण बघा, तसं खोल, निम्म्या बॅगेपर्यंत येणारं. ते कुठल्याही बॅगेला वरून शिवून देता येतं.

व्हेल्क्रो तुमच्यासाठी नाही. बिरदेवाला लोकर उधळतात म्हणता ना, ती लोकर एकदा व्हेल्क्रोत बसली की सुईनं टोकरत बसा. शिवाय फाडल्यासारखा आवाज. चुंबकाचं विचारलंत: हल्लीच्या मेमरी कार्डाला झाकणातल्या चुंबकानं काही होत नाही, माझ्या मुलानं मला समजावलंय. जुन्या पद्धतीची काळी पट्टी असलेलं एटीएम कार्ड मात्र त्याला चिकटून ठेवू नका. बँकेत आहात, तुम्हाला ठाऊक असेल. चुंबकाचं बटण झाकण मिटायला छान, पण गर्दीत कुणी घासून गेलं की उघडतं. मी काय करतो, दोन चुंबकी बटणं रोजच्यासाठी आणि मधोमध एक दाबाचं बक्कल गर्दीसाठी. बक्कल हवं तेव्हा लावा.

आता कापड. नायलॉन असो की पॉलिस्टर, आतल्या बाजूनं चकाकतं ते पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचं, पातळ आवरण. पाणी तेच अडवतं. ओल आणि उष्म्यानं ते वर्षांनी चिकट होतं, मग पापुद्रे निघतात, काळी पावडर हाताला लागते. असल्या बॅगा कोकणातून जास्त येतात. रत्नांग्रीवाल्यांनी राग मानू नये. ते परत बसवता येत नाही. सुती कॅनव्हासला हे दुखणं नाही. भिजला की धागा फुगतो आणि वीण आवळते, म्हणून सरीवर सर येईपर्यंत आतलं कोरडं राहतं. मात्र भिजला की जड होतो आणि वाळायला दिवस घेतो. मेण लावलेला कॅनव्हास परदेशी बॅगांत असतो. आपल्या चैत्रातल्या उन्हात ते मेण पाघळून कुडत्याला लागतं, नको. जाड सुती कॅनव्हास, आत पातळ नायलॉनचं पिवळं नाहीतर करड्या रंगाचं अस्तर, आणि खिशात बॅगेवर चढवायची पावसाची वेगळी टोपी. काळं अस्तर घेऊ नका, काळ्या बॅगेत काळं टोपण हुडकताना डोळे फुटतात.

आणि हळद. कॅनव्हासवर बसली तर आधी कोरडीच झटका. ओल्या फडक्यानं पुसाल तर लेप होतो. साबण लावला की डाग लाल होतो, तेव्हा घाबरू नका, हळद साबणाला भेटली की लाल होतेच. धुवा आणि उन्हात टाका, हळदीचा पिवळा ऊन खातं. भेसळीचा रंग असेल तर तो मात्र ऊन खात नाही. म्हणून मी म्हणेन मुळात मातकट नाहीतर खाकी रंगाची घ्या आणि डागांचं वाईट वाटून घेऊ नका.

फोमचं एक वाक्यात: दाबून सोडला की लगेच वर यावा, आणि पिवळा स्पंज नको, तो काही वर्षांत भुगा होतो. ईव्हीएचा (रबरासारखा घट्ट फोम) सहा-आठ मिलिमीटरचा पुरे, तळाला दुप्पट.

---

ओवी:

पट्ट्याबद्दल मी सांगते, पुरुषांसाठी केलेल्या बॅगा आमच्या खांद्यावर बसत नाहीत ते खरंच आहे. मी पुण्यात नाटकांचे आणि नृत्याचे फोटो काढते.

दुकानात बॅग रिकामी घालून बघू नका. तुमचं सगळं सामान घेऊन जा, भरा, आणि दुकानातच दहा मिनिटं फिरा. विक्रेता वैतागला तर वैतागू दे. पट्टा बॅगेच्या बाजूंना अगदी मधोमध जोडला असेल तर बॅग मांडीवर डुलते. मागच्या, म्हणजे अंगाकडच्या काठाला जोडला असेल तर ती सपाट बिलगते. बॅगेचा वरचा काठ कमरेच्या हाडाशी यावा. त्याहून खाली सोडली की चालताना लोलक.

गळ्याशी येणाऱ्या पट्ट्याचं कारण खांद्याची गादी. ती सरळ असते, आपला खांदा उतरता. गादी घसरत घसरत मानेला येते आणि मग तिचीच कड घासते. मी गादी काढून टाकली आणि पन्नास मिलिमीटरची मऊ सुती नवार लावली, जिच्यात रबराचे धागे विणलेले आहेत. डोम्केच्या पट्ट्याला तसे असतात. सरकत नाही, म्हणून आडवा न घालता एकाच खांद्यावरही राहतो. गर्दीत आडवा, एरवी सरळ. ओढणी पट्ट्याच्या वरून घ्यायची, खालून नाही, किंवा जत्रेला सरळ घरी ठेवायची.

अजून एक युक्ती: बॅगेच्या मागच्या बाजूला दोन लूप शिवून घ्या आणि त्यातून पातळ पट्टा कमरेला बांधा. घट्ट नाही, नुसता धरून ठेवायला. पळताना बॅग हलत नाही आणि खांद्यावरचं थोडं वजन कमरेवर जातं. दुपारी खांदा बदला, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी.

आणि टाकादोरा दादा, व्हेल्क्रोच्या आवाजाला अनुमोदन. नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत एकदा कुणी व्हेल्क्रो उघडला की सगळं प्रेक्षागृह वळून बघतं. थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांत व्हेल्क्रो झाकून आवाज बंद करायची सोय असते. लोकरीचं तिथंही तेच होणार म्हणा.

---

कृष्णाकाठची:

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, घाटमाथांचे सुद्धा.

वाचून माझा बेत बदललाय. तयार कॅमेरा-बॅग घ्यायची नाही. साधी कॅनव्हासची, खोल झाकणाची, ऑफिसला नेतात तसली बॅग घ्यायची आणि आत खणांचा ठोकळा वेगळा शिवून घालायचा. बाहेरची बॅग मळली, फाटली तर ती बदलायची, ठोकळा तोच. शनिवारी साताऱ्याला येणं होतंच. टाकादोरा दादा, ठोकळा शिवून द्याल का? आणि मापं कशी घेऊ? निकॉनच्या पत्रकात बॉडी १३५.५ × १०४ × ७२.५ मिमी आहे, १६-८० ची लांबी ८५.५ आणि ७०-३०० ची १२५. हूड (लेन्सच्या तोंडावरची उन्हाची झापड) कुठं धरायचा?

---

टाकादोरा:

देतो की. पत्रकातलं माप मला नको, वस्तू घेऊन या. पत्रकात टोपणं, हूड, गळ्यातला पट्टा आणि हाताची बोटं धरलेली नसतात. बोटांना जागा लागते ताई, लेन्सच्या भोवती बोट शिरलं नाही तर ती एका हातानं निघणार कशी?

तरी अंदाज सांगतो. कॅमेरा लेन्स लावलेला, लेन्स खाली, उभा ठेवायचा. म्हणजे लांबीत १५ सेंटिमीटर, खोलीत १२, उंचीला १७-१८. त्याच्या शेजारी ९-९ चे दोन खण, एक ७०-३०० ला आणि एक छापावाले म्हणतात तसा रिकामा. हूड उलटा लावून आणा, त्यानं लेन्सचा घेर वाढतो, ९ पुरतात का ते समोर बघू. आतली एकूण लांबी साधारण ३३. म्हणून बाहेरची बॅग घेताना तिचं माप आतून घ्या, अस्तराला अस्तर, ३५ च्या पुढं. बाहेरून ३५ असलेली बॅग आतून कमी भरते. ३५ ची छोटी लेन्स पुढच्या खिशात, लोकरी मोज्यात घालून. पाण्याची बाटली मात्र आत अजिबात नको, तिच्यासाठी बाहेरून कडेला खिसा मारून देतो. जिकडं लेन्स नाही त्या बाजूला.

बॅग घेण्याआधी झाकण आणि पट्ट्याच्या सांध्याचा फोटो इथं टाका. शनिवारी दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं.